ठकीबाईचं गाऱ्हाणं

नलूताई गेल्या. त्यांच्या भाचीचं पत्र नाशिकला पोचलं, तेव्हा मी रडायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे आल्या त्या हातात उलथनं घेऊन भर रस्त्यात धावणाऱ्या नलूताई... आणि मला हसू फुटलं.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. नलूताई पनवेलच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत आणि आम्हा माजी विद्यार्थिनींचा हस्तलिखित अंक काढत. मी पावसावर लेख दिला. टपोरे थेंब, हिरवा शालू, सगळं ओतलं होतं. त्यांनी तो परत केला. "कुसुम, अक्षर सुंदर आहे. पण यातलं एकही वाक्य तुझं नाही गं! पावसाबद्दल कुणीच म्हटलं नाही, असं काहीतरी आण."

मी चिडले. दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी खाडीकडे चालत सुटले. वैशाख सरत आला होता. मिठागरात कामाला येणारी ओळखीची ठकीबाई फळीनं मीठ ओढत होती. सहज विचारलं, "पाऊस कधी येईल गं?"

"नको बाय येवढ्यात! मिठाचा पानी व्हईल. माजा नवरा शेतावरशी देवाला सांगतंय, लवकर पाड. मी हितशी सांगतंय, थांबव. एकाच घरातली दोन गाऱ्हाणी... देवानं आयकायचा कोनाचा?"

मी तशीच मागे वळले. घरी येऊन एका बैठकीत लेख लिहिला आणि नलूताईंच्या हाती देऊन परत फिरले. त्या थालीपीठ लावत होत्या. अर्धा लेख वाचून तशाच माझ्यामागे धावत आल्या. "अगं, हा विचार! रोज तिथूनच जातो आपण, नि कुणालाच दिसला नाही!" थालीपिठाचा कोळसा झाला.

शाळेच्या चालकांना मात्र लेख खटकला. देवाला प्रश्न विचारणारा मजकूर मुलींच्या अंकात नको, पावसाचं छानसं वर्णन घाला, म्हणाले. "मग अंकच नको," नलूताई म्हणाल्या. सहा वर्षं जिवापाड जपलेला अंक त्यांनी त्या दिवशी थांबवला.

रविवारी मला घेऊन त्या मिठागरात गेल्या आणि बांधावर उभं राहून लेख खड्या आवाजात वाचला. ठकीबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बोलले मीच. पन येवढा मोठा हाय ता, मना ठावं नव्हता."

नलूताईंनी भर उन्हात एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

भाची लिहिते, अखेरच्या दुखण्यातही कुणी काही नवं बोललं, की मावशी उशीवरून मान उचलून टाळ्या वाजवायची... हातात बळ नव्हतं, आवाज यायचा नाही, तरीही.