पहिल्या पानावरचा उलगडा

"आता कोण वाटतोय चोर?" कादंबरीची नवी पानं टाइप करायला घेऊन दुकानात पाऊल टाकलं की बाई आधी हेच विचारायच्या. मी सोलापुरात अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप करून देणारा माणूस. कादंबरी म्हणजे मला चैनच. मी म्हणायचो, "मुकादम." बाई खूश. "म्हणजे बरोबर चाललंय!" म्हणत चष्मा पुसायच्या. तुम्ही तो चेहरा बघितला असता, तर तुम्हीही मुकादमाचंच नाव घेतलं असतं.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी रहस्यकथा लिहायला घेतली होती, महायुद्धाच्या काळातल्या सोलापूरची. गिरणीत फौजेसाठी खाकी विणतात, गावात कापडावर कंट्रोल, खिडक्यांना काळे कागद, आणि खाकीचा एक तागा गायब. तपासाला एक फौजदार येतो. फौजदार रचलेला, पण चोरी खरीच घडलेली. आळ गिरणीत कामाला असलेल्या बाईंच्या आजोबांवर आला होता. काम गेलं, ते होटगीला गाडीत बसले ते परत आलेच नाहीत. खरा चोर गिरणीतला मुकादम, असं घरात सगळे धरून चालले होते. मुकादमाचा नातू बाईंच्या शेजारीच राहतो. भिंतीला भिंत, पण लग्नाचं बोलावणं नाही की मयतीला जाणं नाही.

"पुस्तक छापून येऊ द्या, मग बघा त्यांची तोंडं," बाई म्हणायच्या. अशा वेळी त्या मला मुळीच आवडायच्या नाहीत.

शेवटच्या प्रकरणाआधी त्या कुंभारीला आत्याकडे गेल्या. आत्या म्हणजे आजोबांची लेक, नव्वदी ओलांडलेली, वडलांना दादा म्हणणारी. परत आल्या त्या काही न विचारता स्टुलावर बसल्या. मग आत्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"दादानंच आनलं की खाकी. माजा तान्हा भाऊ गेला, मातीत ठिवायला घरात कोरं कापड न्हवतं. दुकानात मिळंना. गुंडाळताना एक टोक म्याच धरलं व्हतं. कुणाला सांगू नगंस म्हनला, न्हाय सांगितलं."

सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "चोर बदलायचाय."

"त्यात काय, नाव एका बटणात बदलतं," मी म्हणालो. बाई रडायलाच लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं. बाईंचा भाऊ दुकानात येऊन माझ्यावरच ओरडला, "आजोबाला चोर म्हणून छापणार व्हय? लोकांत तोंड कसं दाखवायचं आमी?" तेवढ्यात बाईंना दुखण्यानं गाठलं. अर्धं लिहून झालं असेल, एक दिवस त्या रिक्षातून आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "पहिल्या पानावर घाला. मुकादमानं चोरी केली नाही. माझ्या आजोबांनी केली."

"अहो बाई, मग रहस्य कुठं राहिलं? वाचणार कोण?"

"नको वाचू देत. शेवटापर्यंत मी काही पोचत नाही. एवढं तरी असू द्या."

त्याच दुखण्यात बाई गेल्या. भावानं ते सगळं पुसून टाकायला सांगितलं. मी बरं म्हणालो आणि पुसलं नाही. पहिलं पान छापून मुकादमाच्या नातवाकडे घेऊन गेलो. त्यानं ते दारातच वाचलं, मला बसाही म्हणाला नाही. मग आत हाक मारली, "आई, भाईर ये जरा."

मुकादमाची सून. थकलेली म्हातारी भिंत धरत आली, उंबऱ्याशी बसली. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारी बाईंच्या दाराला कुलूप होतं. म्हातारी त्या कुलपाकडे बघत राहिली.

"परत वाच," ती म्हणाली.