भुशाचा पाडा

मंगळवार, ११ डिसेंबर १९७९. रक्कम रुपये पंचवीस. हजर: म्हशीचा मालक असलेला शेतकरी, गोठ्याच्या दारात पदर ओढून उभी राहिलेली त्याची बायको, गावचे पटेल, म्हणजे पाटील, आमच्या कॉलनीतले कुत्रे पाळणारे दोन शेजारी, आणि मी. कुत्रा घरी बांधून ठेवला होता.

पावती मीच लिहिली, हिंदीत; म्हशीच्या रेडकाला तीत पाडा म्हटले आहे. ‘कुत्ते की चेन हुक से छूट जाने के कारण पाड़े की मृत्यु हुई. मुआवज़ा पच्चीस रुपये प्राप्त.’ खाली शेतकऱ्याने सही केली आणि पटेलांनी साक्ष घातली. ती पावती अजून माझ्या फाइलीत आहे. तीत रक्कम बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, पण साखळी सुटल्याचे खोटे आहे.

देवासला मी कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात नोकरीला आलो तेव्हा आमची कॉलनी नवी होती. मागच्या कुंपणापलीकडे लगेच शेते लागत. दोन शेतांच्या मधून एक पायवाट नाल्यापर्यंत जायची. कुंपणापासून नाल्यापर्यंत माझी आठशे चाळीस पावले भरत. कुत्रा धारचा होता. बायकोच्या माहेरी जुन्या दरबारी दिवसांपासून कुत्रे पाळायची हौस, तिच्या भावाने अर्ध्या अल्सेशियन जातीचे पिल्लू वेताच्या टोपलीत घालून बसने आणून दिले. ते वाढून चांगले कमरेइतके झाले. रोज सकाळी सहाला मी आणि दोघे शेजारी आपापले कुत्रे घेऊन त्या वाटेने नाल्यापर्यंत जाऊन येत असू.

वाटेच्या मध्यावर त्या शेतकऱ्याचा गोठा होता. आमचे आणि कॉलनीतल्या आणखी दोन-तीन घरांचे दूधही त्याचेच; आमच्याकडे रोज दीड लिटर, अडीच रुपये लिटरने. सकाळी तो सायकलला कॅन लावून दारात यायचा आणि मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा मांडायचो.

नोव्हेंबरात एकदा त्याने दूध मापता मापता सांगितले, “बाबूजी, कुत्ता बांध के निकाला करो. भैंस ब्याने वाली है, भड़कती है.”

मी म्हटले, “बांधलेलाच असतो.”

“मेढ़े के पत्थर तक रेता है,” तो म्हणाला. “उसके बाद खोल देते हो.”

हे खरे होते. बांधावरचा हद्दीचा दगड ओलांडला की आम्ही तिघेही साखळी काढत असू. मोकळ्या रानात आल्यासारखे वाटे. मी त्याला म्हटले, ही वाट सरकारी आहे.

तो हसला. “रस्ता सरकारी है तो भैंस भी सरकारी हो गई क्या, भिया?”

त्या हसण्याचा मला राग आला. चार दिवसांनी त्याने वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. मी तहसिलीत जाऊन नकाशाची नक्कल काढली. वाट नकाशात होती, तुटक रेघेने स्पष्ट दाखवलेली. मी अर्ज लिहिला आणि कॉलनीतल्या सतरा घरांच्या सह्या घेतल्या. त्यांतल्या चौदा घरी कुत्राच नव्हता. सात डिसेंबरला गावचा कोटवार, म्हणजे सरकारी चौकीदार, हुकूम घेऊन आला आणि त्याने काट्या ओढून बाजूला केल्या. शेतकरी गोठ्याशी उभा राहून बघत होता.

वाटेच्या बाबतीत माझे काही चुकले नव्हते, हे मी आजही म्हणतो. पण मी नक्कल काढली वाटेची, आणि वागलो असा की जणू त्या तुटक रेघेवर कुत्रा मोकळा सोडायची परवानगीही लिहिली आहे.

आठ तारखेला म्हैस व्याली. तोवर आमचे दूध त्याच्या जुन्या म्हशीचे होते, ती आता आटून विकली गेली होती. त्याच संध्याकाळी शेतकऱ्याची बायको पितळी लोटा भरून चीक घेऊन आमच्या दारात आली. मराठी घरांत खरवस आवडतो हे तिला ठाऊक होते, माझ्या बायकोने कधीतरी सांगितलेले असणार. काट्या काढून एकच दिवस झाला होता. मी आतल्या खोलीत बसून राहिलो.

“पैसे किती द्यायचे?” बायकोने विचारले.

“खीस का कई पैसा, बाई!” चिकाचे कसले पैसे, असे म्हणून ती गेली.

चिकाचे भांडे धुऊन रिकामे परत करायचे नाही, गूळ घालून द्यायचे, अशी धारची रीत. बायकोने त्याच रात्री गूळ फोडून ठेवला.

नऊ तारखेला, रविवार म्हणून जरा उशिरा, आठच्या सुमारास, आम्ही तिघे निघालो. हद्दीच्या दगडापाशी दोघे शेजारी थांबले. एक म्हणाला, “आज राहू द्या बांधलेला. म्हैस ताजी व्यालेली आहे.”

मी म्हणालो, “अर्ज कशाला केला मग?”

आणि मी हुक काढला. साखळी नेहमीप्रमाणे डाव्या मुठीला गुंडाळली. हे मी त्या दिवशी सवयीने केले नाही. गोठ्यातून तो बघत असेल, त्याला दिसावे, म्हणून केले.

रेडकू बाहेर उन्हाला बसवलेले होते. नर होते, इकडे त्याला पाडा म्हणतात. कुत्रा धावत गेला आणि भुंकू लागला. त्याने दात लावला नाही, हे मी नंतर सर्वांना तीनदा सांगितले. पाडा लटपटत उठला आणि आईकडे निघाला. म्हैस कुत्र्यावर धावली, दोर ताणला गेला, ती जागच्या जागी फिरली, आणि पाडा तिच्या पायांखाली आला. शेतकरी धावत आला. त्याने आधी पाड्याला बाजूला ओढले, मग माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडावर नाही, हाताकडे. मी मोठ्याने म्हणालो, “चेन छूट गई!” दोघा शेजाऱ्यांनी आपापल्या कुत्र्यांच्या साखळ्या आवळल्या.

घरी आलो. बायकोने ताटलीत खरवस दिला. मी दोन वड्या खाल्ल्या. तिला काय झाले ते सांगितले, तेही साखळी सुटली असेच सांगितले.

पाडा दुसऱ्या दिवशी मेला. मंगळवारी पटेलांनी बोलावले. वाटेत एक शेजारी मला म्हणाला, “अहो, तुम्ही हिशेबातले माणूस, आधी नर की मादी ते काढा. नराला इकडे कोण विचारतो?”

मी तेच काढले. पटेलांनाच विचारले, बाजारात पाड्याला काय येते? ते म्हणाले, पाड़ी असती तर गोष्ट वेगळी होती, पाड्याचे वीस-पंचवीस. मी म्हटले, मग पंचवीस. कमी दिले असे कोणी म्हणू नये. शेतकऱ्याने नोटा मोजल्याही नाहीत. दारातून त्याची बायको काहीतरी बोलू लागली, तेव्हा त्याने हातानेच तिला गप्प केले. मला वाटले, मिटले.

त्या आठवड्यात सकाळी दूध दीडऐवजी एक लिटरच आले. बायकोने विचारले, “अर्धा लिटर कमी का हो?”

“भैंस दूध चढ़ा लेती है, बाई,” शेतकरी म्हणाला. “बच्चा सामने नहीं तो उतारती नहीं. छह लीटर की भैंस है, चार पे आ गई. वो भी पुतला दिखाके.”

कसला पुतळा ते मला शुक्रवारी कळले. फिरायला गेलो, या वेळी कुत्रा साखळीला. गोठ्याबाहेर पाडा उभा होता. माझे पाय थांबले. जवळ गेल्यावर दिसले, त्याच पाड्याचे कातडे सोलून त्यात भुसा भरला होता, पाय म्हणून चार काठ्या, पोटावर सुतळीची शिवण. शेतकऱ्याची बायको धार काढायला बसली होती आणि म्हैस त्या कातड्याला चाटत होती. चाटून चाटून मानेवरचे केस एका बाजूला बसले होते. कुत्र्याने मान पुढे करून वास घेतला आणि शेपूट हलवली. बाई मान वर न करता म्हणाली, “ले जाओ इने.”

कारखान्यात माझे काम हेच होते, एका वस्तूची किंमत काढताना तिच्यावर दुसरे काय काय अवलंबून आहे ते पाहणे. एखादा तीन रुपयांचा बोल्ट नसला तर यंत्र किती तास बंद राहते, हे मी दर महिन्याला कागदावर मांडत होतो. पाड्याची किंमत मात्र मी बाजारात विचारली.

मी ती वाट सोडली. कुत्र्याला कॉलनीच्या पुढच्या डांबरी रस्त्याने नेऊ लागलो. शेजारी म्हणत, “एवढे लढून वाट मिळवलीत, आणि तुम्हीच येत नाही?” मी गुडघ्याचे कारण सांगे. पितळी लोटा फडताळात तसाच राहिला. बायको आठवण करायची. मी म्हणायचो, देतो उद्या. गुळाला मुंग्या लागल्या, तिने तो काढला, डबा उघडून नवा घातला. दूध रोज येत होते, आणि ते त्या कातड्याला चाटून उतरलेले दूध आहे हे मला रोज चहाच्या वेळी आठवे.

नऊ एप्रिलला सकाळी शेतकरी हिशेब करायला आला. म्हणाला, आता दूध येणार नाही, काल हाटात म्हैस विकली. पुतळ्याला उंदरांनी फाडले होते, म्हैस आटत चालली होती. मी कॅलेंडर बघून आठ दिवसांचे वीस रुपये दिले. तो गेल्यावर बायको माझ्याकडे बघत राहिली.

“साखळी खरंच सुटली होती का हो?” तिने विचारले. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

मी नाही म्हणालो. ती लोटा काढून माझ्यासमोर ठेवून आत गेली.

त्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. अकरा डिसेंबर ते आठ एप्रिल, फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता, एकूण एकशेवीस दिवस. रोज दोन लिटर कमी, अडीच रुपये दर. सहाशे. त्यातून आधी दिलेले पंचवीस वजा, पाचशे पंचाहत्तर. म्हैस पडत्या भावात गेली त्याचे मी धरले नाही, कारण आकडा मला माहीत नव्हता, आणि विचारायची हिंमत नव्हती. पोस्टातून पैसे काढले आणि संध्याकाळी गूळ घातलेला लोटा घेऊन पायवाटेनेच गेलो, कुत्रा न घेता.

दोघेही खाटेवर बसले होते. गोठा रिकामा होता. मी उभ्या उभ्याच सांगितले, “चेन छूटी नहीं थी. मैंने खोली थी.”

“मालूम है,” शेतकरी म्हणाला. “छूटती तो कुत्ते के गले में लटकती. आपके हाथ में लिपटी हुई थी.”

“तो पटेल के सामने बोले क्यों नहीं?”

“बोलता तो आप सतरा घर की सही लेके मेरा दूध बंद करवा देते,” तो म्हणाला. “आपको सही करवाना आता है.”

मी तसे केले असते का, याचे उत्तर मला अजून खात्रीने देता येत नाही. मी कागद पुढे केला आणि हिशेब वाचून दाखवला. त्याने ऐकून घेतला, नोटांना हात लावला नाही. मग त्याची बायको उठली, पदर सावरला आणि हात पुढे केला.

“पच्चीस कायका काट्या?” कापलेल्या पंचविसांबद्दल तिने विचारले.

मी म्हटले, “वो पहले दिए थे.”

“वी तो पाड़ा का था, बाबूजी. यो दूध को हिसाब है. पाड़ो मर्‌यो जो अलग, दूध गयो जो अलग.”

तिचे बरोबर होते. माझ्या खिशात आणखी पैसे नव्हते. तिने पाचशे पंचाहत्तर दोनदा मोजून घेतले, लोटा घेतला, आत बघितले, गुळाचा खडा काढून खाटेवर ठेवला आणि म्हणाली, “काल लई आजो,” म्हणजे उरलेले उद्या घेऊन या.

दुसऱ्या दिवशी, दहा एप्रिलला, कारखान्यातून परस्पर जाऊन मी उरलेले दिले. पावती मागितली नाही. एकूण दिले ते असे: पाड्याचे पंचवीस, शेतकऱ्याला. दुधाचे सहाशे, त्याच्या बायकोला.