नावं शेवटी येतात

अण्णांना रस्ता विचारू नये, हे ऑफिसात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कळायचं. मला एकदा चष्म्याची दांडी बसवून घ्यायची होती. बंगळुरात, बेळ्ळंदूरच्या आमच्या इमारतीमागच्या गल्लीत दुकान, पाच मिनिटांचं काम. अण्णा म्हणाले, “खाली उतर. नारळवाल्याच्या शेजारी एक बाई इस्त्री करते. तिला विचार, मुलगी नर्सिंगला लागली का म्हणून. बोलत बोलत ती तुला चष्मेवाल्याकडं सोडेल.” मी वैतागून गेले आणि विचारलं. बाईंनी इस्त्री बाजूला ठेवली, मुलीचं सगळं सांगत मला दुकानापर्यंत नेलं, वर दुकानदाराला दम भरला. त्या दुपारची मीटिंग माझी बुडाली.

अण्णांचा धंदाच तो होता. आमचा स्टुडिओ व्हिडिओ गेम बनवतो. अशा खेळात वाटेवर कुणीतरी भेटतं आणि खेळणाऱ्याला काम सांगतं. गाय हरवलीय, शोधून दे. भावाला निरोप पोचव. या कामाला आम्ही क्वेस्ट म्हणतो, आणि ती रचणाऱ्याला क्वेस्ट डिझायनर. नातेवाइकांना हे समजावताना माझा दर वेळी घाम निघतो. अण्णा वीस वर्षं हेच करत होते आणि आमच्या टीमचे प्रमुख होते. खरं नाव होतं, पण सीईओपासून चहा आणणाऱ्यापर्यंत सगळे अण्णाच म्हणत. मला ते ‘नाशिक’ म्हणत, कारण मी नाशिकची.

माझी पहिली क्वेस्ट मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवली. एक म्हातारी खेळणाऱ्याला विहिरीवरून पाणी आणायला सांगते. अण्णांनी वाचलं आणि त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत विचारलं, “हिला स्वतःला का जाता येत नाही?”

“म्हातारी आहे, अण्णा.”

“म्हातारी कालपण होती की. काल कोण आणलं पाणी? आज का नाही?”

 दोन दिवस डोकं खाजवल्यावर सुचलं, की विहिरीला लागूनच तिच्या मुलीचं घर आहे, आणि काल त्या दोघी भांडल्यात. अण्णा खूश झाले. “सरी, जमलं! आता जाईन मी पाणी आणायला,” म्हणाले. आमच्या टीममध्ये तो प्रश्न कायमचा होऊन बसला. जो काम सांगतो त्याला स्वतःला का जाता येत नाही, हे सांगितल्याशिवाय कुणाचीही क्वेस्ट पुढे सरकत नसे. दहा लांडगे मार, वीस शिंगं आण असली कामं त्यांना सहन होत नसत. “हे काम नव्हे, वेठ,” म्हणत, आणि खोडून टाकत.

लिहिलेली प्रत्येक क्वेस्ट ते चालवून बघत. खुर्च्यांची घरं, छपाईयंत्र म्हणजे देऊळ, आणि आम्ही सगळे गावकरी. अकाउंट्सच्या एका गंभीर गृहस्थांना त्यांनी महिनाभर नावाडी केलं होतं. ते गृहस्थ फायली बगलेत मारून मुकाट्यानं उभे राहत आणि “पलीकडं जायचंय का?” एवढं एकच वाक्य म्हणत. परदेशी कंपन्यांची माणसं भेटीला आली की या तमाशाचे फोटो काढून नेत. नंतर आमच्या जाहिरातींत ते फोटो झळकले, ‘आमची सर्जनशील संस्कृती’ असं खाली लिहून.

परदेशी कंपन्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. अण्णांची बहुतेक वर्षं दुसऱ्यांचे खेळ लिहिण्यात गेली. काम बंगळुरात व्हायचं आणि नाव तिकडच्यांचं लागायचं. खेळ पुरा खेळून संपवला की पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं येतात. त्यात आमच्या वाट्याला फक्त स्टुडिओचं नाव यायचं, माणसाचं एकही नाही. चार वर्षांपूर्वी स्टुडिओनं पहिल्यांदा स्वतःचा खेळ काढायचं ठरवलं, तेव्हा अण्णा पोरासारखे हरखले होते. “या वेळी अप्पांना दाखवीन,” एवढंच म्हणाले.

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. घराणं तीन-चारशे वर्षांपासून बंगळुरातलंच, मराठी फक्त घरात आणि नात्यात, आणि तीही निम्मी कानडी. अप्पांनी चामराजपेटेतल्या छापखान्यात आयुष्यभर अक्षरांचे खिळे जुळवले. लग्नपत्रिका, उत्सवाची पत्रकं, दुकानांची बिलं. पत्रिकेत एका काकांचं नाव राहिलं म्हणून दोन घरांचं येणंजाणं बंद झालेलं त्यांनी पाहिलं होतं. मुलाच्या नोकरीवर त्यांचा विश्वास नव्हता. “वीस वर्षं काम करतो म्हणतो. नाव कुठं छापलंय, ते दाखव म्हटलं तर दाखवत नाही,” असं त्यांनी पहिल्याच भेटीत मला अण्णांच्या देखत सांगितलं. अण्णा हसले, पण मला ते हसू बघवेना.

खेळ बाजारात यायला दीड महिना उरला असताना अण्णांना काढलं. ‘कट्टा’ असं नाव दिलेल्या काचेच्या खोलीत त्यांना बोलावलं, आणि आम्ही सगळे बाहेरून बघत होतो. त्या खोल्यांना काचा कशासाठी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. क्वेस्ट लिहून झाल्या होत्या, आता लिहिणारा महाग पडत होता. इतकं साधं होतं ते. संध्याकाळी सीईओनं ग्रुपवर लिहिलं, अण्णा हे आपल्या कुटुंबाचा भाग आहेत आणि राहतील. खाली बदाम टाकले होते. कुटुंबातल्या माणसाचं ओळखपत्र दुपारीच बंद पडलं होतं, आणि सुरक्षारक्षकाला त्यांच्याबरोबर लिफ्टनं खाली जावं लागलं.

खरा घाव पुढेच होता. खेळ येतो त्या दिवशी जो पगारावर असेल त्याचंच नाव शेवटी दाखवायचं, असा नियम. तो कुणी केला ते कुणालाच माहीत नाही, पाळतात मात्र सोवळ्यासारखा. मी प्रोड्यूसरकडे जाऊन भांडले. तो मान हलवत राहिला आणि म्हणाला, “पुढच्या अपडेटमध्ये बघू.” पुढच्या अपडेटमध्ये घोड्याच्या शेपटीचे केस सुधारले. त्याच्या पुढच्यात पावसाचा आवाज. अण्णांचं नाव काही आलं नाही. मी नोकरी सोडली नाही, घराचे हप्ते आहेत. पण त्या इमारतीत शिरताना रोज तोंड कडू होतं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी अण्णांकडे गेले. दार उघडलं तर आतून आमच्याच खेळाचं संगीत येत होतं. अप्पा खुर्चीत ताठ बसलेले, हातात कंट्रोलर, चष्मा नाकाच्या टोकावर. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं.

“खेळ आला म्हटल्यावर विचारले, नाव कुठं येतं? माझ्या तोंडून निघून गेलं, शेवटी येतं, पुरा खेळल्यावर. मग संपवतो म्हणाले. इतकी वर्षं लोकांना कामाला लावायची सवय, नाशिक. बापाला पण लावून बसलो.”

“मग सांगून टाका ना खरं.”

अण्णा फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबत राहिले. “सांगणार की. पण ते रोज विचारतात गं. हे पूल तू लिहिलास का, ही बाई तुझी का. जन्मात विचारले नव्हते. खेळ संपला की नाव नाही, म्हणजे मी काही केलंच नाही. त्यांचा हिशेब तसाच. म्हणून मी सांगत असतो, अप्पा, अजून त्याचं काम राहिलंय, हिचं राहिलंय. स्वल्प दिवस निघतात.”

मला रडू आलं असतं, पण त्याआधी संताप आला. चार वर्षं ज्यानं त्या खेळातलं एकेक माणूस उभं केलं, तो आता बाप शेवटाला पोचू नये म्हणून त्याला गावोगाव फिरवत होता.

दूध संपलेलं निघालं आणि अण्णा कोपऱ्यावर गेले. मी अप्पांच्या शेजारी बसले. “कसं काय, अप्पा? ऊट झालं का?” मी जेवणाचं विचारलं. ते पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, “झालं. बस.” घोडा एका झाडाखाली उभा केला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“तो व्हाइटफील्डला नोकरी विचारायला गेला होता, तेव्हा संपवलो मी खेळ. नावं वाचलो. मागं जाऊन परत वाचलो.”

अण्णा आले तर नाहीत ना, म्हणून मी दाराकडे पाहिलं.

“तुझं आहे. चहा आणणाऱ्याचं आहे, चांगलं झालं. दोन कुत्र्यांची आहेत. कुणाची गं ती कुत्री?”

“सीईओची,” मी म्हणाले. 

“याचं नाही. मला वाटलं गळलं असेल. गळतं कधी, घाईत. मग त्याच्या टीमची नावं बघितलो. सगळी आहेत, आणि वरती मोठी जागा मोकळी आहे. हे गळलेलं नव्हे पोरी. काढलेलं आहे.” त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “त्याला बोलू नको. मला कळलं नाही असं वाटतं त्याला. संपल्यावर ते यंत्र विचारतं, मागं जाऊन राहिलेली कामं करायची का. मी हो म्हटलो.”

“पण अप्पा, आता कशाला खेळता?”

“त्यानं लिहिलेलं आहे की,” अप्पा म्हणाले. “मला काय नाव पाहिजे आता?”

जिन्यात चपला वाजल्या. अण्णा दुधाची पिशवी घेऊन आत आले, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उगाच मोठ्यानं म्हणाले, “अप्पा, तुम्ही डोंगराकडं कशाला निघालात? खाडीवरच्या कोळ्याचं जाळं आणून द्यायचं राहिलंय अजून.”

“हो का?” अप्पा म्हणाले. “मग त्याला स्वतःला का जाता येत नाही?”

अण्णांचा चेहरा उजळला. दूध तसंच हातात धरून ते खुर्चीच्या मागे उभे राहिले आणि कोळ्याची हकिकत सांगू लागले. अप्पांनी सगळी ऐकून घेतली, मग घोडा वळवला आणि अगदी सावकाश खाडीच्या रस्त्याला लागले.