नातीची नडगी आणि माझे दोन दिवस

माझ्या नातीला पोलिसात भरती व्हायचं होतं. अजूनही व्हायचंय, पण मागची भरती तिच्या हातची गेली आणि ती माझ्यामुळं गेली. घरात कुणी हे मला तोंडावर बोललेलं नाही. म्हणून मीच लिहून ठेवतोय. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेव्हा चुकलंमाकलं असेल.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मी माथाडी. उभा जन्म पाठीवर गोण्या वाहिल्या. आधी मस्जिद बंदरला, मग बाजार वाशीला आला तसे आम्ही कोपरखैरण्यात राहायला आलो. नात थोरल्या मुलाची. बारावी झाली आणि म्हणाली, आबा, मी पोलीस होणार. मला केवढा आनंद! घरात माझ्यावर गेलेलं कुणीतरी निघालं, असं मी सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरलो.

बोनकोड्याजवळच्या मैदानावर एक सर भरतीच्या पोरापोरींना तयार करतात. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, आवाज खणखणीत. पोरींना आठशे मीटर धावायचं, शंभर मीटर धावायचं आणि गोळा फेकायचा. मी रोज सकाळी तिच्याबरोबर जायचो आणि कडेच्या बाकावर मनगटावरचं घड्याळ बघत बसायचो. सगळं मला पसंत होतं, एक सोडून. आठवड्यात दोन दिवस, गुरुवारी आणि रविवारी, सरांची सुट्टी. त्याला ते रेस्ट डे म्हणायचे.

मी एकदा विचारलंच. "सर, पोरं म्हातारी झाली का हो? रेस्ट कशाला?"

ते हसले. "आबा, व्यायामानं स्नायू तुटतो. तो भरून येतो आरामात. अंग दुखत असताना रोज हाणलं तर पोरगी बसेल."

मला ते पटलं नाही. कारण माझ्याकडं माझी गोष्ट होती. लग्नात, बारशात, गावच्या जत्रेत ती मी शंभर वेळा सांगितलेली. अठराव्या वर्षी माथाड्यांच्या टोळीत लागलो. पहिल्याच दिवशी साखरेच्या शंभर किलोच्या गोण्या. संध्याकाळी मानेची सालं निघालेली, पाय लटपटत होते. दुसऱ्या दिवशी तसाच उभा राहिलो, गोणी घेतली. तिसऱ्या दिवशी दुखणं पळालं. अंग दुखतंय ना, मग त्याच कामाला परत लाव. हेच औषध.

मैदानी परीक्षेची तारीख आली. पाच आठवडे राहिले होते. एका बुधवारी सरांनी खूप पळवलं आणि गुरुवारी नात अंथरुणातच.

"आबा, पोटऱ्या भरून आल्यात. आज रेस्ट आहे."

मी पांघरूण ओढलं. "भरून आल्यात म्हंजे काम लागलंय. ऊठ."

"सर ओरडतील."

"सरांना सांगतंय कोण? खाडीकडं जाऊ."

खाडीकाठच्या रस्त्यावर ती धावली. पहिल्यांदा लंगडत, मग बरी. परत येताना म्हणाली, "खरंच मोकळं झालं हो, आबा." बस्स. मला तेवढंच पाहिजे होतं. त्या दिवशी मी दोनदा चहा प्यायलो आणि दोन्ही वेळा सूनबाईला ऐकवलं, की फौजेतल्या सरापेक्षा टोळीतला म्हातारा शहाणा असतो.

तिथून पुढं प्रत्येक गुरुवार आणि प्रत्येक रविवार, सरांना चोरून, खाडीकडं.

मग तिची नडगी दुखायला लागली. पोटऱ्यांसारखी सगळीकडून नाही. एका जागी. ती बोट ठेवून दाखवायची, "इथंच, आबा. रात्री पण ठणकतं." मी तेल चोळलं, वर पट्टा बांधला. सून म्हणाली, डॉक्टरला दाखवू या. मी म्हणालो, "डॉक्टर काय सांगणार? झोपून राहा म्हणणार. त्याला कुठं पोलीस व्हायचंय?"

आणि एक दिवस पोरगी दारात बूट हातात घेऊन उभी राहिली, घालेना. तेव्हा मी बोललो ते मला अजून ऐकू येतं. म्हणालो, "मग नखं रंगव आन् घरी बस. मी सांगतो सगळ्यांना, आमच्या पोरीला जमलं नाय."

तिनं बूट घातले.

दोन आठवडे ती तशी धावली. शेवटच्या रविवारी खाडीकडं तिसऱ्या फेरीत थांबली आणि रस्त्याच्या कडेला खाली बसली. मी लांबून हाक मारली, "नाटक नको, ऊठ!" ती उठायला गेली आणि तिचा पाय टेकेना. जवळ गेलो तेव्हा ती रडत नव्हती. ओठ दाताखाली धरला होता. मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले. "हाडाला बारीक चीर गेलीय. कधीपासून दुखतंय?"

"दोन आठवडे."

"आणि तू धावत होतीस? कुणी सांगितलं तुला?"

मी बाजूच्याच खुर्चीत होतो. नातीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "कुणी नाही. मीच." सहा आठवडे धावायचं नाही, असं त्या म्हणाल्या. परीक्षेला दोन आठवडे राहिले होते. सरांचा फोन आला तेव्हाही ती तेच म्हणाली, माझंच चुकलं सर. मी आतल्या खोलीत उभा राहून ऐकत होतो. बाहेर येऊन फोन हातात घ्यायला चार पावलं होती. मी ती टाकली नाहीत.

तिच्या परीक्षेच्या दिवशी माझा टोळीतला दोस्त तिला बघायला आला. घणसोलीला राहतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, कंबरेतून वाकलेला. शहाळी घेऊन आला. तिच्या कॉटजवळ बसला आणि म्हणाला, "व्हईल गं बरं. रक्त कुणाचं हाय? तुझा आजा म्हंजे लोखंड. मानेची सालं निगाली तरी दुसऱ्या दिवशी उबा!" आणि माझ्याकडं बघून हसला.

मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. कारण खरं काय ते आता जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला.

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलोच नव्हतो. मान वळत नव्हती, हात वर होत नव्हता. मुकादम म्हणाला, याला गावाला परत धाडा. हाच दोस्त मधी पडला. म्हणाला, त्याच्या गोण्या मी घेतो. दोन दिवस मी रचलेल्या गोण्यांच्या थप्पीमागं रिकाम्या पोत्यांवर पडून होतो आणि हा स्वतःच्या नि माझ्या, दोघांच्या गोण्या वाहत होता. तिसऱ्या दिवशी मी उठलो, तेवढं मात्र खरं. दुखणं गेलं ते कामानं नाही, पडून राहिल्यानं गेलं. पुढं मी ती गोष्ट माझ्या सोयीनं सांगायला लागलो. पंगतीत हा शेजारी बसून जेवायचा आणि मान हलवायचा. एकदाही बोलला नाही. आणि इतकी वर्षं सांगून सांगून माझाच त्या गोष्टीवर विश्वास बसला होता.

त्याला रिक्षात बसवून मी वर आलो. नातीच्या कॉटपाशी उभा राहिलो. बसायचा धीर होईना.

"पोरी, तो आत्ता बोलला ते खोटं हाय."

"काय?"

"दुसऱ्या दिवशी मी न्हाय उठलो. पडून होतो. माझ्या गोण्या त्यानं उचलल्या."

तिनं मोबाईल बाजूला ठेवला.

"किती दिवस पडून होता?"

"दोन."

"मला एकच पाहिजे होता, आबा."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हातारा हट्टी माणूस, ओरडणाऱ्याशी भांडता येतं मला. ती नुसती म्हणाली, "पायाखाली उशी द्या जरा." मी तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून उशीवर ठेवला. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

सरांना मी दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन सांगितलं, सगळ्या पोरांच्या देखत. त्यांनी नुसती मान हलवली. त्यानंतर मी त्या बाकावर बसलेलो नाही.

आता ती परत धावते. एकटीच जाते. गुरुवारी आणि रविवारी झोपलेली असते. मला सवयीनं साडेपाचला जाग येते. मीही उठत नाही. माझी कॉट करकरते, कुशीवर वळलं तरी आवाज होतो, म्हणून ती उठेपर्यंत मी तसाच उताणा पडून राहतो.