मावशी पडली ती संध्याकाळ

खांदा कॉलनीत आमच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशीइतका लोकांच्या पायांवर जीव असलेला माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात दुसरा नसेल. ती समोरच्याची आधी चाल बघते आणि मग, आठवलं तर, चेहरा. एकदा लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाला तिने "डावा पाय ओढतोस तू" असं सुनावलं, घरी नेऊन बसवलं आणि पोटऱ्यांना खोबरेल चोळलं. तो बिचारा विमा विकायला आला होता. पॉलिसीचा विषयही न काढता, तेलकट पायांवर मोजे चढवून तो परत गेला.

घरच्या शेतीवर इमारती उभ्या राहिल्यापासून मावशीकडे वेळच वेळ होता, म्हणून दुपारची ती एका बालगृहात जायची. तिथे पावलं आत वळलेली चिमी होती. प्लास्टर घालणं डॉक्टरांकडे. प्लास्टरसकट चिमीला कडेवर घेऊन गाणी म्हणणं मावशीने आपल्याकडे घेतलं. पुढे इटलीतल्या एका जोडप्याने चार वर्षांच्या चिमीला दत्तक घेतलं. मराठी पुरेशा मोठ्याने बोललं की जगात कुणालाही कळतं, असं मावशीचं ठाम मत. त्यामुळे नव्या आईला, लुचियाला, तिने तेल कसं चोळायचं ते गेटपर्यंत ओरडून समजावलं. लुचिया मान डोलवत राहिली. आपण नेमका काय गुन्हा केला, एवढंच तिने नंतर बालगृहाच्या बाईंना विचारलं.

तिकडे चिमीच्या पायांचं ऑपरेशन झालं. प्लास्टर निघालं, पावलं सरळ झाली, डॉक्टर म्हणाले आता चालू दे. पण चिमी पाय जमिनीला लावीना. खेळणी झाली, आमिषं झाली, ती आपली खुर्चीत बसून. शेवटी लुचियाने बालगृहाकडून मावशीचा नंबर मिळवून व्हिडिओ कॉल लावला.

मावशी ठेवणीतली साडी आणि सगळे दागिने घालून तयार होती. फोन मी धरायचा आणि ती नाचून दाखवणार, असा बेत होता. "पाय असे टाकायचे, बग," म्हणत तिने एक गिरकी घेतली. दुसऱ्या गिरकीला नव्या गुळगुळीत लाद्यांवरून पाय सटकला आणि मावशी दागिन्यांसकट धाडकन आडवी झाली.

"मावशी पडली!" फोनमधून चिमी ओरडली आणि खुर्चीवरून खाली घसरली.

मी मावशीला उठवायला हात पुढे केला. तिने तो झटकला.

"उठवू नको मला," ती दात आवळून पुटपुटली. "ती येतेय."

चिमी आधी खुर्ची धरून उभी राहिली. मग खुर्ची सोडून, डगमगत, फोनच्या पडद्यापर्यंत आली आणि मावशीला उठवायला तिने हात पुढे केला. तिच्यामागे लुचिया रडत होती. मावशीही रडत होती, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे ते निव्वळ कंबरेमुळे.

कंबर यथावकाश बरी झाली. चिमी आता तिकडच्या शाळेत जाते, मराठी जवळजवळ विसरली आहे. फोन मात्र अजून येतो. गेल्या रविवारी दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या, तेवढ्यात तिकडे बाहेरून कुणीतरी चिमीला हाक मारली. मी चहा घेऊन आलो तर मावशी पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली होती. चिमी कुठे गेली, असं मी विचारलं.

"पळाली," मावशी म्हणाली.