कोटाच्या खिशातला हिरवा झेंडा

आता तुम्हाला कुठून सांगू? तोंडात चहा असेल तर आधी गिळून घ्या. साहेब झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी एक अख्खी रेल्वेगाडी पळवली. चोरायची म्हणून नाही हो. सवयीनं.

महाराष्ट्र वेगळा होऊन वर्षभर झालं असेल. आमचं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. चौदा वर्षं मी या लाइनवर गार्ड होतो. इंजिनानं शिट्टी दिली की आपण शिट्टी फुंकायची, हिरवा झेंडा हलवायचा आणि गाडी हलली की मागच्या गार्डाच्या डब्यात उडी मारायची. यात डोकं लागत नाही, हातपाय आपोआप करतात. पुढं सगळा घोटाळा झाला तो या हातापायांमुळेच.

तर मी परीक्षा दिली, पास झालो आणि निरीक्षक झालो. म्हणजे काल ज्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली, आज त्यांच्याच चुका काढायच्या. पण पहिले तीन महिने नेमणूक कच्ची. वरच्या साहेबांनी बजावून ठेवलं होतं, "एक मोठी चूक झाली की परत गार्ड."

परत गार्ड व्हायला माझी ना नव्हती. पण इकडे आमच्या प्रकाशा गावात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरोघर गूळ वाटला होता. "मन्हा आंडोर साहेब व्हयना," असं सांगत देवळाच्या पायरीवर बसलेल्या परगावच्या यात्रेकरूंनाही त्यांनी खडा खडा दिला. तो गूळ आता परत कसा मागायचा?

नवा काळा कोट शिवला. रोज सकाळी आमची ही माझ्या खिशात रुमाल, सुपारीची डबी, शिट्टी आणि गुंडाळलेला हिरवा झेंडा ठेवायची. चौदा वर्षांचा नेम तिचा. साहेबाला झेंडा लागत नाही हे तिला कोण सांगणार? मला तरी कुठं सुचलं!

तिसऱ्या दिवशी मी नंदुरबारच्या फलाटावर उभा. गाड्या वेळेवर का सुटत नाहीत ते बघायचं काम होतं. सकाळची गाडी लागली. तिचा गार्ड नानाभाऊ, माझा जुना जोडीदार. मला कोटात बघून म्हणाला, "साहेब व्हयना ना तू? मंग बठ आते आमन्या चुका काढत. मी सुरई भरीसन येस." आणि सुरई घेऊन नळावर गेला.

नळावर गर्दी. इकडे सिग्नल पडला. घड्याळात वेळ झाली. इंजिनानं शिट्टी दिली. नानाभाऊ येईना. इंजिनानं दुसरी शिट्टी दिली.

पुढं काय झालं ते मला विचारू नका, माझ्या हाताला विचारा. शिट्टी तोंडात गेली, झेंडा बाहेर आला, गाडी हलली, मी चार पावलं धावलो आणि डब्यात चढलो. नेहमीच्या जागी बसलो. नोंदवही उघडून झोकात लिहिलं, 'गाडी वेळेवर सुटली.' मन कसं प्रसन्न झालं.

मग पाणी प्यावं म्हणून कोपऱ्यात हात घातला, तर तिथं सुरई नाही. मी बाहेर डोकावलो. फलाटावरून सुरई कवटाळून नानाभाऊ धावत होता.

"अरे भाऊ, ती मन्ही गाडी शे!"

आणि मी काय केलं? फलाट सोडताना गार्ड झेंडा दाखवतो ना, तसा त्याला झेंडा दाखवला.

मग डोक्यात उजेड पडला. आता मी कोण? गार्ड म्हणावं तर नाही, साहेब म्हणावं तर साहेब असं करत नाही. गाडी मधेच थांबवावी तर रानात उभी राहणार आणि त्याची वेगळी चौकशी. मी नुसता घाम पुसत बसलो. तोही झेंड्यानंच पुसत होतो, हे नंतर लक्षात आलं.

इकडे नानाभाऊनं मैत्रीला जागून माझं नाव घेतलं नाही. स्टेशनमास्तरला एवढंच सांगितलं, "कोनीतरी कोटवाला चढना नि गाडी लई गया." बिचाऱ्याला वाटलं, मी वाचेन. पण पुढच्या स्टेशनला फोन गेला तो असा: गार्ड मागे राहिला, गाडीत चोर शिरला आहे, पकडा.

तिथला मास्तर वलसाडकडून नुकताच बदलून आलेला, मला ओळखत नव्हता. गाडी थांबली तर समोर तो आणि काठ्या घेतलेले स्टेशनवरचे दोन गडी. मी घाबरून खिशातलं नेमणुकीचं पत्रच पुढं केलं. त्यानं वाचलं आणि खाडकन सलाम ठोकला.

"बरं झालं साहेब, तुम्ही याच गाडीनं आलात. गाडीत चोर आहे. तुम्ही पाहिला का?"

"चेहरा नाही दिसला," मी म्हणालो. खोटं होतं का सांगा? आपला चेहरा आपल्याला कुठं दिसतो?

मग साहेब म्हणून चोर शोधायला सगळ्यांच्या पुढं मीच. बाकांखाली वाकलो, पार्सलं हलवली. तेवढ्यात कळसाडी गावचे एक पाटील गाडीतून खाली उतरले. म्हणाले, मी त्याला चढताना बघितलं. मास्तरनं माझ्या हातात कागद दिला. "साहेब, जबाब घ्या."

घेतला. काय करणार?

"उंची?"

"तुमनाइतली."

"कोट?"

"काया." मी 'काळा' असं लिहून घेतलं.

"मिशी?"

पाटलांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून बघितलं. "साहेब, तुम्हले भाऊ शे का कोनी?"

पाऊण तासानं मागच्या मालगाडीच्या इंजिनावर बसून नानाभाऊ आला. सुरई तशीच कुशीत. मास्तर मला म्हणाला, "साहेब, चोर काही मिळत नाही. म्हणजे दोष गार्डाचा, गाडी सोडून पाण्याला गेला. याचंच नाव लिहा, घरी बसवतील."

 नानाभाऊनं माझ्याकडे बघितलं नाही. सुरईचं तोंड रुमालानं पुसत उभा राहिला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझी लाज वाटली मला. एकीकडे दादांचा गूळ आणि एकीकडे हा माणूस.

"मास्तर," मी म्हणालो, "तो कोटवाला मीच."

मास्तर खो खो हसला. साहेब लोक थट्टा करतात असं त्याला वाटलं. शेवटी मी खिशातून झेंडा काढून दाखवला, तेव्हा त्याचं हसू थांबलं. पाटील मात्र म्हणाले, "म्हनीसन मी इचारं ना, भाऊ शे का!"

प्रकरण वर गेलं. नियम असा की ज्याच्या हद्दीत घटना घडली, त्या निरीक्षकानं चौकशी करायची. चार दिवसांनी कागद माझ्याच टेबलावर आला. मी मला प्रश्न विचारले. मी मला उत्तरं दिली. एक-दोनदा आवाजही चढला. शेवटी शेरा मारला, 'जबाब समाधानकारक नाही', आणि खाली दोन्हीकडे माझीच सही.

पंधरा दिवस घास गोड लागला नाही. मग वरच्या साहेबांचं पत्र आलं. 'स्वतःचा जबाब नामंजूर करणारा निरीक्षक प्रथमच पाहिला. नेमणूक कायम. झेंडा व शिट्टी तात्काळ जमा करावी.'

दोन्ही वस्तू जमा केल्या. वर हिनं कोटाचा खिसा दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकला. "आते दखू तुमना हात कोठे जास," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फलाटावर तीच गाडी, तोच नानाभाऊ. इंजिनाची शिट्टी झाली. माझा हात खिशाकडे गेला आणि शिवणीवर अडला. मी जिंकलो म्हणून सुस्कारा सोडला. नानाभाऊनं त्याचा झेंडा दाखवला, गाडी हलली.

खिसा शिवला होता हो, पण पाय कोण शिवणार? मी धावत सुटलो होतो. मला बघून नानाभाऊनं दारातच घाईघाईनं लाल झेंडा उघडला. माझ्यासाठी. तो ड्रायव्हरनं पाहिला आणि गाडी जागीच उभी केली.

गाडी का थांबली, याचा कागद चार दिवसांनी माझ्याच टेबलावर आला.