लाइनवर राहा

आईला पाणी पाहिजे की कुठे दुखतंय, हे मला कळत नाही. सगळं दुखणं एवढ्यावर येऊन अडलंय. लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली अन् वाचाही गेली. डॉक्टर म्हणतात, त्यांना ऐकू येतं, समजतंही बरंचसं, फक्त शब्द सापडत नाहीत. सापडत नाहीत म्हणजे काय हो? माझी आई नागपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. तिनं आयुष्यभर बोलण्याचाच पगार घेतला.

आता सांगून कोणाला पटत नाही, पण तेव्हा इथून अमरावतीला बोलायचं तरी आधी एक्सचेंजमधल्या बाईला नंबर द्यावा लागे. मग फोन ठेवून वाट बघत बसायचं. घाई असेल तर जास्त पैसे भरून 'अर्जंट' सांगायचा, अन् कोणी गेलंबिलं असेल तर 'लायटनिंग'. आई कानाला हेडफोन लावून समोरच्या बोर्डात पिना खुपसायची अन् दोन गावं जोडून द्यायची. जोडेपर्यंत म्हणायची, "लाइनवर राहा." जोडलं की, "बोला, पार्टी आली." अन् तीन मिनिटं झाली की बोलणाऱ्यांच्या मधात शिरायची, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" पलीकडून माणूस जिवाच्या आकांतानं ओरडायचा, "वाढवा, बाई, वाढवा!"

घरी आम्ही बहीणभाऊ तोच खेळ खेळायचो. भूक लागली म्हणून मी बोंब ठोकली की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "काहून वं, ऑर्डिनरी आहे का अर्जंट?" घरी ती अशी पक्की नागपुरी. ड्युटीवर मात्र शाळेच्या बाईंसारखी शुद्ध मराठी बोलायची. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो.

मग एसटीडी आलं. लोक घरूनच थेट नंबर फिरवू लागले, चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे बूथ उघडले. आईचा बोर्ड एक दिवस उचलून नेला आणि तिला तक्रारी लिहून घ्यायला बसवलं. ती घरी येऊन म्हणाली, "माह्यं तोंडच बंद केलं यायनं." पुढे मोबाइल आला. तो हातात उलटासुलटा करून पाहिला अन् म्हणाली, "बाप्पा! मधात माणूसच नाही?" आम्ही खूप हसलो. मधातला माणूस कोणाला पाहिजे होता तेव्हा? आता पाहिजे. माझ्या अन् तिच्या मधात कोणीतरी बसावं, पिन खुपसावी अन् सांगावं की ही बाई काय मागून राहिली आहे.

झटक्यानंतर बरेच दिवस ती नुसती बघायची. मे महिना, बाहेर अंगार पेटलेला, पण कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना म्हणून मी तो बंद करून घामाच्या धारांत तिच्या उशाशी बसायचे. एका दुपारी तिचे ओठ हलले. मी कान नेला.

"लाइनवर राहा."

स्पष्ट, खणखणीत, ड्युटीवरच्या आवाजात. मी ढसाढसा रडले. पुण्याच्या भावाला व्हिडिओ कॉल लावला, त्यालाही ती तेच म्हणाली, तर तो फोन घट्ट धरून म्हणतो, "हो आई, आहे ना मी लाइनवर!" त्याला वाटलं, आई परत आली.

कसली येते? पाणी देऊ? "लाइनवर राहा." डोकं दुखतं का? "लाइनवर राहा." मी कोण आहे, आई? "लाइनवर राहा." बोलायला शिकवणाऱ्या ताई घरी येतात, त्यांनी मला समजावलं की तोंडात बसलेली वाक्यं कधीकधी अशी उरतात, त्यांना अर्थ असतोच असं नाही. म्हणजे घरची बोली गेली, माझं नाव गेलं, ते 'काहून वं' गेलं, अन् राहिली काय तर ड्युटी! देवा, न्यायचंच होतं तर ती ड्युटी नेली असतीस.

भावानं पुण्यात बसून एक ॲप धाडलं. चित्रावर बोट ठेवलं की मशीनमधली बाई बोलते, "मला पाणी हवे आहे." आईनं डाव्या हातानं फोन भिरकावला. मग म्हणे व्हॉइस टायपिंग करून बघ. केलं. फोननं लिहिलं, लाइनवर राहा. एक काना-मात्रा चुकली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, तो मस्त म्हणाला, "बघ, किती ॲक्युरेट आहे!" मी फोन कापला.

परवा ती सकाळपासून चादर ओढत होती, डोळ्यांतून पाणी. मी कूस बदलली, पाय चेपले, पाणी दिलं, दिवा लावला, दिवा विझवला. दर वेळी तेच वाक्य. शेवटी मी ओरडले, "किती वेळ राहू वं माय लाइनवर? कोणाले जोडून राहिली तू?" ती घाबरून गप्प झाली. गप्प झाली ती झालीच.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत आणखी एक गुठळी आहे, या वयात ऑपरेशन झेपणार नाही. आता फार वेळ नाही, घरच्यांना बोलावून घ्या. भाऊ निघाला आहे.

आज दुपारी कूलर बंद करून तिचा डावा हात धरून बसले. काही विचारलं नाही. भाजीवाला कसा लुटतो, कोराडीच्या वीजकेंद्राची राख कशी उडत येऊन वाळवणावर बसते, असलं काहीबाही बडबडत राहिले. ती बघत होती. मग तिनं हात थोडा सोडवला, ओठ हलले.

"तीन मिनिटं झाली."

अर्थ असतोच असं नाही. मला माहीत आहे, ताईंनी सांगितलं आहे. पण शेजारच्या काकू धावत आल्या, एवढ्या मोठ्यानं मी ओरडले.

"वाढवा, बाई! वाढवा!"